मुंबई दर्शनाच्या बसमधली चौकशी

आमच्या घरमालक काकांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, इमारतीच्या लिफ्टमधल्या आरशावरसुद्धा नव्हता. "आरसा मुद्दाम बारीक दाखवणारा लावलाय," म्हणायचे. "लोक खूश राहतात, आणि लिफ्ट बंद पडली तरी तक्रार करत नाहीत." आता यावर माणसाने काय बोलावं?

मुलुंड पूर्वेला त्यांची शेजारी-शेजारी दोन घरं होती. मोठ्या घरात ते एकटे राहायचे. लहान घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, ते मला भाड्याने दिलेलं. मी तेव्हा घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारावं? "तीन-तीन नळ्या भरून नेता. तपासायला एवढं लागतं? उरलेलं कुठे जातं?" मी म्हटलं, "काका, आम्ही पितो." ते हसले नाहीत. मनात नोंद करून ठेवली असणार.

ही सवय नोकरीतली. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी अख्खी हयात खातेनिहाय चौकशीच्या टेबलावर काढली होती. कोणी फाइल गायब केली, कोणी खोटी रजा टाकली, की त्याला काकांसमोर बसवायचे आणि काका जबाब घ्यायचे. त्यात त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती आणि तिचा त्यांना भयंकर अभिमान. एकच प्रश्न तीनदा विचारायचा. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि माणूस घरी जायला उठला की दारात एकदा. "खोटं बोलणारा तिसऱ्यांदा उत्तर बदलतो," काका सांगायचे, "आणि जो तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच बोलतो, तो पाठ करून आलेला असतो. खरं बोलणारा माणूस थोडा घोळ घालतो, आणि तिसऱ्यांदा चिडतो. चिडला की सोडायचा."

मला घर दिलं तेही असंच. मी चिपळूणची, वडील पोस्टात. हे मी आल्या आल्या सांगितलं. घर बघून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "वडील काय करतात?" पोस्टात. चहा पिऊन मी उठले, चपला घालत होते, तर मागून, "वडील कुठे असतात म्हणालात?" माझं डोकं फिरलं. दिवसभरात सहा घरं बघून पायाचे तुकडे पडले होते. मी म्हटलं, "सर्कशीत असतात! वाघाच्या पिंजऱ्यात!" काकांनी शांतपणे खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "कधी येताय सामान घेऊन?"

मे महिन्यात दारावर आंबेवाला आला की आम्हा शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा. "गाव कुठलं?" देवगड. "देवगडात कुठे?" तो सांगायचा. मग काका आंबे हुंगणार, भाव करणार, पेटी उलटी करून खालचा थर बघणार, आणि मध्येच, "गावात देऊळ कोणाचं म्हणालास?" तो बिचारा म्हणायचा, "देवळाचा विषयच नाय निघालो, काकानू." त्यावर काका माझ्याकडे वळून डोळा मारायचे. "बघ, हा फसला नाही. घे दोन डझन."

सुरुवातीला मला वीट यायचा. पगार कधी झाला, भाऊ काय शिकतो, गॅस बंद केलास का, सगळं तीन-तीनदा. मग सवय झाली. पुढे पुढे तर मीच ती पद्धत उचलली. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या एका गृहस्थांना मी तीनदा विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" तिसऱ्यांदा ते ओरडले, "अहो बाई, एक वडापाव म्हणजे काय खाणं झालं का?" संध्याकाळी काकांना हे सांगितलं तर माणूस इतका खूश! उठून आत गेले आणि माझ्यासाठी आल्याचा चहा करून आणला. त्या दिवसापासून "अहो"चं "अगं" झालं.

त्यांची मुलगी बंगळूरला असते. मेधाताई. काकू गेल्यापासून बाबांनी तिकडे यावं म्हणून त्या मागे लागलेल्या, आणि काका दाद देत नव्हते. एके दिवशी त्यांचा मला फोन आला.

"अगं, बाबा विसरायला लागलेत का? माझ्या चिनूची परीक्षा कधी आहे हे एका फोनमध्ये तीनदा विचारलं."

मी खो खो हसले. "ताई, ते त्यांचं जुनंच आहे. मला रोज विचारतात."

"हो गं. लहानपणी माझे मार्कसुद्धा तीनदा विचारायचे." त्याही हसल्या, पण त्यांचा आवाज काही सैल होईना. "तरी मला संशय येतोय. तू एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर काढशील? नीट बघ. ठीक असतील तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आईशप्पथ. नसतील तर मात्र दोन्ही घरं बंद करून त्यांना इकडे घेऊन येते."

दोन्ही घरं. म्हणजे माझंही. त्या भाड्यात मला मुलुंडात काय, अंबरनाथलासुद्धा खोली मिळाली नसती. म्हणजे काका ठीक निघण्यात माझाही फायदा होता. हे मी तेव्हा ताईंना बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आणि गंमत बघा, एक अख्खा दिवस कसा काढायचा याचा मी विचार करतेय तोवर काकांनीच येऊन माझ्यासमोर एक छापील पत्रक धरलं. मुंबई दर्शन. राज्याच्या राजधानीची सफर, वातानुकूलित बस, मार्गदर्शक, दुपारचं जेवण. सकाळी सातला चेकनाक्यावरून.

"येणार का? मी दोन सीट घेतल्यात."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हा माणूस आयुष्यभर रोज मुंबईला गेलेला. आम्ही मुलुंडकर अजून फोर्टात जायचं तर "मुंबईला जातो" म्हणतो, तसे हे रोज मुंबईला जायचे. यांना कशाला हवंय दर्शन?

"नोकरी केली, बघितलं काय? टेबल," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि हे बघ, अठरा ठिकाणं लिहिलीयेत. एका दिवसात अठरा होत नाहीत. कुठेतरी थाप आहे. पकडू."

मग ठीक आहे, म्हटलं. हे आमचेच काका.

बसमध्ये बहुतेक गावाकडून आलेली कुटुंबं होती. मार्गदर्शक म्हणून फिलोमिना नावाची पन्नाशीची बाई. मरोळ गावठाणातली, अस्सल इथली. माइक हातात आला की ती आवाज बदलायची, आणि माइक खाली ठेवला की मस्त गप्पा मारायची. काका तिच्या पाठीमागच्याच सीटवर बसले. मांडीवर पत्रक, हातात पेन. बिचारीची आज वाट लागणार, हे मला विक्रोळीलाच कळलं.

गेटवेला तिने सांगितलं, इंग्रजांचा राजा आला तो या कमानीखालून शहरात शिरला. काकांनी लगेच हात वर केला.

"राजा आला तेव्हा ही कमान होती?"

"हो बाबा, त्याच्यासाठीच तर बांधली."

"त्याच्यासाठी बांधली ते बरोबर. पण तो आला तेव्हा दगड लागलेला नव्हता. पुठ्ठ्याची कमान दाखवली त्याला. पुठ्ठ्याची!" हे शेवटचं ते अख्ख्या बसकडे वळून म्हणाले. "म्हणजे बघा, या शहराने पहिल्याच दिवशी राजाला फसवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिलोमिनासुद्धा हसली आणि माइकवर म्हणाली, "आज मला सुट्टी, आज गाइड बाबा." मग काय विचारता! विधान भवनापाशी काकांनी सांगितलं की जुनी इमारत आधी कुठे होती. मंत्रालय दिसल्यावर कोणत्या मजल्यावरचा कोणता शिपाई डुलक्या काढायचा तेही सांगितलं. आपल्या कचेरीची खिडकी दाखवली. मी मोबाइल काढून मेधाताईंना लिहिलं, "काका एकदम झकास. तुम्हाला आणि मला शिकवतील." पाठवलंसुद्धा.

हँगिंग गार्डनला फिलोमिनाने सांगितलं की जेवण दादरला, एक वाजता. बागेतल्या म्हातारीच्या बुटापाशी फोटो काढत असताना काकांनी तिला विचारलं, "जेवण कुठे आहे?" दादरला, एक वाजता. मी मनात म्हटलं, एक झालं. बस उतार उतरून हाजी अलीला आली, तर काका, "जेवणाचं काय ठरलंय?" दोन झालं. समुद्रात भराव टाकून केलेला तो नवा रस्ता खिडकीतून दिसला, तेव्हा म्हणाले, "हा रस्ता कधी केला?" तिने सांगितलं. वरळी येईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. मी आपली गालातल्या गालात हसतेय. आता तिसऱ्यांदा विचारतील, बाई चिडेल, आणि काका तिला पास करतील.

जेवणाचं तिसऱ्यांदा विचारलं. बाई चिडली नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

दादरच्या खानावळीत काका हात धुवायला गेले तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"तुझे वडील काय गं?"

"नाही, घरमालक. तुम्ही मनावर घेऊ नका हं. ते तुम्हाला पकडायला बघतायत. नोकरीची सवय आहे त्यांची, एकच प्रश्न तीनदा विचारायची." मी मोठ्या तोऱ्यात तिला पद्धत समजावून सांगितली.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "पकडायला बघणारा माणूस आपण उत्तर देत असताना आपल्या तोंडाकडे बघतो ना? सकाळी, त्या पुठ्ठ्याच्या वेळी, बघत होते. आता बघत नाहीत. आता पटकन खाली लिहून घेतात." मग ताटातली पोळी मोडत म्हणाली, "माझी आई अशीच लिहायची. कॅलेंडरवर."

मला इतका राग आला त्या बाईचा. म्हटलं, सहा तासांची ओळख आणि ही मला काका शिकवणार? मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून चार वर्षं काढलीयेत. पण खरं सांगायचं तर राग मला माझाच आला होता. कारण आम्ही सगळे, मी, मेधाताई, दूधवाला, इमारतीतली झाडून सारी माणसं, या एका पद्धतीला इतके सरावलो होतो की कोणीच काकांच्या तोंडाकडे बघायचे कष्ट घेतले नव्हते. तीनदा विचारलं की हसायचं, झालं. तीनाचे पाच कधी झाले, कोणी मोजलं?

बस जुहूला शेवटचं थांबली. पाऊण तास दिला होता. लोक भेळेच्या गाड्यांकडे पळाले. काका कठड्यावर बसले आणि समुद्राकडे बघतच म्हणाले, "मेधाने सांगितलंय ना तुला माझ्यावर नजर ठेवायला?"

मी म्हटलं, "हो."

"पहिल्याच फटक्यात कबूल. छान." त्यांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: जेवण दादर एक वाजता. त्याखाली पुन्हा, जेवण दादर एक वाजता. त्याखाली पुन्हा. रस्ता नवीन, दोनदा. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, माझं नाव. पुढे, शेजारची भाडेकरू, लॅबमध्ये असते, भरवशाची.

"काका, हे..."

"मधे बोलू नको. मी सहा महिने माझ्यावरच संशय घेतोय. दूध दोनदा तापवलेलं सापडतं. आंघोळ केली का, आठवत नाही, मग टॉवेल ओला आहे का बघायचा. पण आरोपीनेच स्वतःची चौकशी करायची नसते, नियमात बसत नाही. म्हणून ही बस. छापील यादी आहे, क्रम आहे, साक्षीदार आहे. गेटवे मला आठवतंय, चांगलं आठवतंय. त्यानंतर एकदम इथे समुद्र. मधलं तू सांग."

मी मधलं सांगितलं. सांगताना मला रडू येत होतं, आणि ते मात्र मान हलवत पत्रकावर एकेका ठिकाणापुढे खूण करत होते.

"अकरा झाली," ते म्हणाले. "अठरा नाहीच झाली. थाप होती." मग म्हणाले, "मेधाला सगळं सांग."

"मी नाही सांगणार."

"का?"

"का म्हणजे? त्या तुम्हाला घेऊन जातील. तुम्हाला जायचंय का तिकडे?"

"नाही जायचं. तिकडे मला भाजीवाल्याची भाषासुद्धा येत नाही, भांडणार कसा?" त्यांचा आवाज एकदम फुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पण उद्या गॅस चालू राहिला तर माझ्या भिंतीपलीकडे तू झोपलेली असतेस."

मी म्हटलं, आता लपवण्यात काय अर्थ? "काका, माझी खोलीपण जाईल. मी खोटं बोलले तर माझा फायदा आहे."

"म्हणून तर तुला आणलं!" काकांचे डोळे चमकले. अगदी आंबेवाल्याच्या वेळी चमकायचे तसे. "मेधाच्या मैत्रिणीने सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. जिचं नुकसान होणार तिने सांगितलं, तर तो जबाब पक्का." त्यांनी पत्रक उलटं केलं, कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: माझ्या प्रकृतीविषयी जे पाहिले ते मेधास खरे सांगावे, ही माझी सूचना आहे. खाली सही, तारीख. घडी घालून ते माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने ठेवलं.

परतीच्या वाटेवर कांजूरपाशी त्यांनी विचारलं, "मेधाला सांगशील ना?" मी हो म्हटलं. भांडुपला पुन्हा विचारलं. चेकनाक्यावर उतरताना पुन्हा. मला तपासत होते की विसरले होते, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंना फोन केला. आदल्या दिवशीचा तो "झकास" मेसेज आधी मागे घेतला, मग सगळं सांगितलं. चिठ्ठीचं तेवढं राहिलं, कारण त्या मधेच रडायला लागल्या आणि नंतर मला तो विषय काढवेना. पंधरा दिवसांत त्या आल्या. डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. सामान बांधून झालं.

निघायच्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर आले तर काका जिन्याच्या तोंडाशी उभे, निरोपाला शेजारीही जमलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी डबा पुढे करायची थांबले.

"मेधाला कोणी सांगितलं ते मला कळलंय," ते म्हणाले. "घरात जागा दिली, मुलीसारखी वागवली, आणि पाठीमागे चहाड्या केल्यास. माझं घर सोडवलंस."

"बाबा!" मेधाताई म्हणाल्या. "अहो, तिने..."

माझी पर्स खांद्यालाच होती. चिठ्ठी आतल्या कप्प्यात. त्यांचं अक्षर, त्यांची सही, तारीख. हात आत गेलासुद्धा. एवढं अन्यायाचं बोलणं मी बापाचंही ऐकून घेतलं नसतं. चिठ्ठी काढली असती तर मी तिथल्या तिथे निर्दोष सुटले असते. आणि काकांनी ती वाचली असती, स्वतःचं अक्षर ओळखलं असतं, आणि मुलीच्या देखत, शेजाऱ्यांच्या देखत, त्यांना काहीच आठवलं नसतं.

मी पर्सची चेन ओढली.

"हो काका," मी म्हटलं. "मीच सांगितलं."

"कबूल?"

"कबूल."

त्यांची मान ताठ झाली. गेल्या पंधरा दिवसांत डॉक्टरांसमोर वाकलेला तो माणूस पुन्हा चौकशीच्या टेबलामागे जाऊन बसला. "बघ मेधा," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" ताईंनी आधाराला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला, आणि लिफ्टसुद्धा न बोलावता तीन मजले आपल्या पायांनी, खाड खाड उतरून गेले. चोर पकडून घरी निघालेला अंमलदार उतरेल तसे.

मी डबा हातात घेऊन वरच उभी राहिले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तोवर रडले नाही.